घरांची गणती झाली, घरांचा हिशेब राहिला

ग्रामीण महाराष्ट्रातील घरांविषयी शासनाच्या दप्तरात आज जेवढी माहिती आहे, तेवढी पूर्वी कधीच नव्हती. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेतून उभे राहणारे प्रत्येक घरकुल निरनिराळ्या टप्प्यांवर छायाचित्रांत पकडले जाते आणि छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. अनुदानाचा हप्ता कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात जमा झाला, हेही लपून राहत नाही. तथापि नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत उभ्या राहिलेल्या घरांत सिमेंट किती गेले, सळई किती गेली, विटा कोणत्या भट्टीतून आल्या, वाळू किती कोसांवरून आणली गेली आणि ती घरे राहण्याजोगी ठेवण्यासाठी आता दरसाल किती वीज व किती सरपण लागते, असा साधा प्रश्न कोणी विचारला, तर या साऱ्या नोंदींतून त्याचे उत्तर निघत नाही. घरांची गणती आहे, घरांचा हिशेब नाही.

हा प्रश्न केवळ संशोधकांच्या कुतूहलाचा असता, तर त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी दोन कोटी ग्रामीण घरे २०२९ पर्यंत बांधण्यास मंजुरी दिली. त्यांतील लक्षावधी घरे महाराष्ट्राच्या वाट्याची आहेत. किमान २५ चौरस मीटर क्षेत्राच्या या घरांना केंद्र व राज्य मिळून सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य देतात. एकदा उभे राहिलेले घर चाळीस-पन्नास वर्षे हलत नाही. म्हणजे येत्या चार-पाच वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यांत जे बांधले जाईल, त्यातच पुढील दोन पिढ्यांचा उन्हाळा, विजेचे देयक आणि नद्यांतील वाळूचे भवितव्य ठरून जाणार आहे. इतका मोठा निर्णय साहित्याचा आणि ऊर्जेचा नकाशा हाताशी नसताना घेतला जावा काय, हा खरा प्रश्न आहे.

गाडीवाटेवरचे घर आणि ट्रकवरचे घर

मराठवाड्यातील जुने घर बैलगाडीच्या टप्प्यात मिळणाऱ्या वस्तूंचे होते. दगड शिवारातला, माती गावची. माळवदावर पसरायची ती पांढरी मातीही गावाच्या पांढरीतलीच असे. लाकूड ऐपतीप्रमाणे येई. ज्याच्याजवळ पैसा, तो किनवट-माहूरच्या रानातला साग आणी, ज्याच्याजवळ नाही, त्याचे भागे ते बांधावरच्या बाभळीवर. घराचे माप खणांत सांगितले जाई, आणि किती खणांना किती तुळया, किती गाड्या दगड व किती गाड्या माती लागेल, हे गावचा सुतार आणि गवंडी बोटांवर मोजून सांगत. हिशेब कागदावर नव्हता, परंतु तो होता. कारण ज्या वस्तूंचा हिशेब करायचा त्या डोळ्यांसमोर होत्या.

आज नांदेड-देगलूर रस्त्यावरील नायगाव किंवा नरसीच्या चौकात उभे राहून पाहिले, तर घर ट्रकवरून येताना दिसते. सिमेंट चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूरच्या बाजूचे किंवा कर्नाटकातील वाडीच्या परिसरातले असू शकते. सळईच्या बाजारात जालन्याचे नाव मोठे आहे. वाळू गोदावरी-मांजरेच्या पात्रातली असते, आणि खडी यंत्राने फोडलेल्या डोंगराची. यांतील कोणतीही वस्तू वाईट नाही. सिमेंट-सळईने खेड्यातील माणसाला गळक्या माळवदापासून, वाळवीपासून आणि दरवर्षीच्या लिंपणापासून सोडविले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु वस्तू दुरून येऊ लागली की तिचा हिशेब गावाच्या हातून सुटतो. गवंड्याला पोत्याचा भाव ठाऊक असतो. त्या पोत्यामागे किती कोळसा जळाला, हे त्याला कोणी सांगत नाही, आणि तसे सांगण्याची व्यवस्थाही नाही.

किल्लारीने शिकवलेला धडा

साहित्याच्या नोंदीवाचून केलेल्या नियोजनाची किंमत मराठवाड्याला ठाऊक नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून मोठे कितीतरी भूकंप होतात आणि तुलनेने थोडी माणसे दगावतात. येथे माणसे मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या गोलसर दगडांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, त्यांच्या आतल्या व बाहेरच्या थरांना सांधणाऱ्या आरपार दगडांचा अभाव, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेलेली मातीची माळवदे, या तीन गोष्टींनी घात केला. माळवद गळू लागले की त्यावर नवी माती टाकायची, हा घरोघरचा रिवाज. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी छप्पर थोडे अधिक जड होत होते. कोणत्या गावात किती घरांच्या माथ्यावर किती माती आहे, याची नोंद करावी असे कोणास वाटले नाही. ज्यांना दगडी घर परवडत नव्हते त्यांच्या हलक्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी तगल्या, ही या दुर्घटनेतील कटू विसंगती होती.

त्यानंतर जे पुनर्वसन झाले ते देशातील मोठ्या पुनर्वसनांपैकी एक होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे क्षेत्र कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस ४००, तर मोठ्या शेतकऱ्यांस ७५०. घरे मजबूत झाली, माणसांच्या मनातील भीती ओसरली, हे मोठेच काम होते. परंतु दाट, सावलीच्या गल्ल्यांची जुनी गावे जाऊन सरळ रेषांत आखलेल्या विरळ वसाहती आल्या आणि गावठाणाचा विस्तार कितीतरी पट वाढला. तितकीच रस्त्यांची, जलवाहिन्यांची आणि विजेच्या तारांची लांबी वाढली. नवी घरे उन्हाळ्यात तापू लागली आणि लोकांनी त्यांच्यापुढे पत्र्याच्या, लाकडाच्या पडव्या उभारल्या. दगडाविषयीची भीती इतकी खोल गेली होती की जुन्या गावठाणातील दगड हेही साहित्य आहे, योग्य रीतीने रचले तर तेच दगड सुरक्षित घर देऊ शकतात, हा विचार मागे पडला.

तो विचार अशास्त्रीय नव्हता. मातीची घरे आणि कमी ताकदीच्या दगड-विटांची बांधकामे भूकंपात तगावीत म्हणून काय करावे, हे सांगणारी भारतीय मानक संस्थेची दोन मार्गदर्शक मानके, १३८२७ व १३८२८, १९९३ सालचीच आहेत. आरपार दगड घालणे, भिंतींना आडवे बंध देणे, छपरावरील माती कमी करणे, असे उपाय त्याच पुनर्वसन कार्यक्रमाच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या भागात सुमारे दोन लाख घरांसाठी योजले गेले. म्हणजे एकाच कार्यक्रमात दोन मार्ग होते. एकात पायापासून छपरापर्यंत सारे साहित्य नव्याने आणायचे होते. दुसऱ्यात आहे त्या घरात थोडे सिमेंट, थोडी सळई आणि बरेचसे ज्ञान घालायचे होते. कोणत्या घराला कोणता मार्ग योग्य, हे ठरविण्यासाठी घराघराच्या साहित्याची नोंद संकटापूर्वीच हाती असायला हवी होती. ती नसल्यामुळे संकटाच्या घाईत गावेच्या गावे एका मापाने मोजावी लागली.

विटेतला कोळसा

साहित्याचा हिशेब केवळ वजनाचा नसतो. प्रत्येक वस्तूच्या पोटात ती तयार करताना खर्ची पडलेली ऊर्जा असते. शास्त्रज्ञ तिला अंतर्भूत ऊर्जा म्हणतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील नेहमीच्या बांधकाम साहित्याची अशी मोजणी केली आहे. त्यांच्या आकड्यांप्रमाणे एका भाजलेल्या विटेमागे सुमारे ४.२५ मेगाज्यूल, एक किलो सिमेंटमागे ५.८५ आणि एक किलो पोलादामागे ४२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, हे लक्षात घेतले की आकड्यांना अर्थ येतो. सिमेंटचे ५० किलोचे एक पोते म्हणजे सुमारे सत्तर विटा भाजण्याइतकी ऊर्जा, आणि एक किलो सळई म्हणजे दहा विटा. विटा शंभर किलोमीटरवरून आणल्या, तर घनमीटरमागे आणखी सुमारे २०० मेगाज्यूलचे इंधन रस्त्यावर जळते.

याच अभ्यासात तऱ्हेतऱ्हेच्या इमारतींची तुलना आहे. भाजलेल्या विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या साध्या दुमजली इमारतीला चौरस मीटरमागे २.९२ गिगाज्यूल ऊर्जा लागली. मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबून केलेल्या न भाजलेल्या ठोकळ्यांच्या इमारतीला १.६१ गिगाज्यूल. २५ चौरस मीटरच्या घरकुलाला हे प्रमाण ढोबळमानाने लावले, तर एका पद्धतीत ७३ आणि दुसरीत ४० गिगाज्यूल होतात. फरक ३३ गिगाज्यूलचा, म्हणजे घरामागे सुमारे दोन टन देशी कोळशाचा. एका तालुक्यात अशी हजार घरे झाली, तर दोन हजार टन. हा कोळसा लाभार्थ्याच्या अंगणात दिसत नाही. परंतु विटेच्या, सिमेंटच्या आणि वाहतुकीच्या भावात तो त्याच्याच अनुदानातून वसूल होतो.

मात्र हे आकडे जसेच्या तसे उचलून नायगावला चिकटवणेही बरोबर नाही. जालन्याच्या भट्ट्यांत सळई प्रामुख्याने भंगार वितळवून होते. खनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा तिला ऊर्जा कमी लागते, पण ती बहुतांशी विजेच्या रूपाने. मातीचे ठोकळे हा मार्गही सरसकट नाही. ओल्याने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी मराठवाड्याची काळी माती त्या कामी सरळ चालत नाही, त्यासाठी मुरमाड किंवा वालुकामय माती हवी. आणि त्याच काळ्या मातीमुळे येथे पायाच खोल न्यावा लागतो. जोत्याखाली मुरुम, दगड आणि सिमेंट किती गाडले गेले, हे वरून दिसत नाही. परळीच्या औष्णिक केंद्राची राख विटांसाठी येथवर आणणे परवडते की अंतरामुळे तोट्यात जाते, हेही अंतर मोजल्यावाचून सांगता येत नाही. म्हणून नकाशा हवा. साऱ्या देशाची सरासरी एका गावचा पाया खोदताना उपयोगी पडत नाही.

घर बांधून हिशेब संपत नाही

बांधताना लागलेली ऊर्जा एकदाची असते, राहताना लागणारी कायमची. नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हे येथील कोणा शाळकरी मुलासही सांगावे लागत नाही. चार-साडेचार इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. पत्रा तर दुपारीच नकोसे करतो. अशा घरात पंखा ही चैन राहत नाही. ७५ वॅटचा एक पंखा दिवसाचे सोळा तास, वर्षाचे पाच महिने चालला, तर १८० युनिटे होतात. कोळशावरील केंद्रात एक युनिट वीज करण्यासाठी जवळजवळ तिप्पट उष्णता खर्ची पडते. या हिशेबाने एका पंख्यामागे वर्षाला सुमारे दोन गिगाज्यूल कोळसा जळतो. चाळीस वर्षांत तो ऐंशीच्या घरात जातो. म्हणजे एक तापणारे घरकुल बांधायला जेवढी ऊर्जा लागली, तेवढीच ते घर सोसण्यासाठी एकट्या पंख्याला लागते. कूलर आला की प्रश्न पाण्याचाही होतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात उन्हाळ्याच्या पाण्याचा प्रत्येक हंडा हिशेबाचा असतो.

येथे घराची रचना निर्णायक ठरते. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, पश्चिमेच्या भिंतीवर सावली, दाराशी पडवी, वारा वाहील अशा समोरासमोर खिडक्या, हे उपाय महागडे नाहीत. परंतु निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये जी 'इको निवास संहिता' आणली, ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींपुरती योजलेली होती. ज्याला वातानुकूलन परवडते त्याच्या घरासाठी नियम आहे. ज्याला पंख्याचे देयकही जड जाते त्याच्या घराला नाही.

चुलीकडे तर अधिकच दुर्लक्ष होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने घराघरांत गॅसची शेगडी पोहोचविली, हे खरे. परंतु घरात शेगडी असणे वेगळे आणि तिच्यावरच वर्षभर स्वयंपाक होणे वेगळे. पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीच्या काटक्या आणि गोवऱ्या यांचे स्थान मराठवाड्याच्या अंगणातून गेलेले नाही, आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी तर नाहीच. जनगणनेत स्वयंपाकाचे मुख्य इंधन विचारले जाते. दुय्यम इंधन किती, कोणत्या ऋतूत आणि ते गोळा करण्यात कोणाचे किती तास जातात, हे त्या एका रकान्यात मावत नाही.

नोंदी आहेत, त्यांची जोड नाही

असा हिशेब करणे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण देता येईल. भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हे केंद्र निघाले. त्या केंद्राच्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात तुमकूर जिल्ह्यातील पुरा या लहानशा खेड्यात घरोघर जाऊन ऊर्जेची मोजणी केली. गावाची बहुतांश ऊर्जा सरपणातून येते आणि विजेचा वाटा एक टक्काही नाही, असे आढळले. ग्रामीण ऊर्जा म्हणजे विजेचे खांब, असे समजणाऱ्या नियोजनाला त्या एका खेड्याने जमिनीवर आणले. पुढे त्याच पुरा गावात सामुदायिक गोबरगॅस यंत्र उभे राहिले आणि त्यातून दिवे व पाणी यांची सोय झाली. आधी मोजणी, मग योजना, हा क्रम तेथे पाळला गेला. परदेशांतही हा विचार आता रुजला आहे. इंग्लंडमधील सॅलफर्ड व जपानमधील वाकायामा या शहरांतील भागांच्या इमारतींत कोणत्या काळी किती साहित्य साठत गेले, याचे नकाशे जपानी अभ्यासकांनी २००९ मध्ये मांडले. नेदरलँड्समध्ये २०१७ पासून इमारतींतील साहित्याची नोंदणी करणारी संस्था काम करते, जेणेकरून आज पाडलेली इमारत उद्याच्या इमारतीची खाण व्हावी.

आपल्याकडे तर सुरुवात शून्यापासून करावयाची नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील 'नमुना ८', म्हणजे करआकारणीची नोंदवही, घराची लांबी-रुंदी आणि बांधकामाचा प्रकार सांगते. जनगणनेच्या घरयादीत भिंत, छत व जमीन यांचे मुख्य साहित्य लिहिले जाते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणांचे ड्रोनद्वारे नकाशे काढण्यास आरंभ केला. त्यांत घरांची जागा व आकार दिसतो. घरकुलांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशांसह उपलब्ध आहेत. वीज कंपनीजवळ प्रत्येक जोडणीचा महिनावार वापर आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यास पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे, म्हणजे निदान एका वस्तूचे माप शासनाने स्वतःच ठरविले आहे. ज्याअर्थी वाळूचे माप ठरते, त्याअर्थी सिमेंटचे, सळईचे आणि विटांचेही ठरू शकते. हे सर्व कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत आहेत. ते एका गावच्या नकाशावर एकमेकांशेजारी ठेवण्याचे काम तेवढे राहिले आहे.

आक्षेप आणि धोके

या सूचनेवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला मेगाज्यूलचे गणित सांगणे ही पोट भरलेल्यांची करमणूक आहे. मातीच्या घरांचे गोडवे शहरातील लोकांनी गावे आणि खेडुतांनी ती लिंपीत बसावे, असा अर्थ निघणार असेल तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. स्लॅबचे घर ही खेड्यातील कष्टकऱ्याची आकांक्षा आहे आणि किल्लारीनंतर तर ती सुरक्षिततेचीही खूण आहे. परंतु हिशेब म्हणजे सक्ती नव्हे. घर कोणते बांधावे, हे घरमालकाने ठरवावे. ते ठरविताना कोणत्या भिंतीने किती पैसा वाचतो आणि कोणत्या छपराने किती वीज लागते, एवढे त्याला कळले पाहिजे. पुरेशी ऐपत असलेला माणूस वास्तुशिल्पकाला पैसे देऊन हेच ज्ञान विकत घेतो. अपुऱ्या अनुदानात पदरचे आणि कर्जाचे पैसे घालून आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्यालाच तेवढे ते नाकारण्याचे काय कारण?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घराची मोजणी करायला कोणी आले की खेड्यातील माणूस सावध होतो. भिंत पक्की लिहिली तर कर वाढेल, छप्पर चांगले लिहिले तर घरकुलाच्या यादीतून नाव जाईल, ही भीती निराधार म्हणता येत नाही, कारण याच रकान्यांवरून आजवर पात्रता ठरत आली आहे. ज्या नोंदीवर लाभ किंवा कर अवलंबून असतो ती नोंद खरी राहत नाही. म्हणून साहित्य व ऊर्जेची नोंदवही कर आणि पात्रता यांपासून पूर्णतः अलग ठेवावी लागेल. व्यक्तीचे नाव न लिहिता घराचा प्रकार लिहावा, गावाची गोळाबेरीज ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि तिची प्रत ग्रामपंचायतीतच राहावी. ज्या गावाचा हिशेब, त्या गावाच्या हाती तो नसेल, तर तो आणखी एक सरकारी तक्ता होऊन धूळ खात पडेल.

आरंभ नायगावपासून व्हावा

अशा प्रयोगाला नायगाव तालुका योग्य आहे. गोदावरीकाठचे एक गाव, काळ्या रानातले आतील एक गाव आणि रस्त्यावर वाढलेली नरसीसारखी एक बाजारपेठ, अशी तीन ठिकाणे निवडली, तरी माती, वाळू, वाहतूक आणि राहणी यांतील बहुतेक फरक हाती येतील. माहिती फार नको. भिंत कशाची व किती जाड, छप्पर कशाचे, पाया किती खोल, घर कोणत्या साली बांधले, साहित्य कोठून आले, पाडलेल्या जुन्या घराचे दगड-लाकूड पुन्हा वापरले काय, विजेची युनिटे किती, चुलीत काय जळते, आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरात तापमान किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर साध्या तापमापकाने मिळते. ते वाचण्याचे काम माध्यमिक शाळेतील विद्यार्थी उत्तम करू शकतात, आणि भूगोल व विज्ञान यांच्या पुस्तकातील धडा त्यांच्या स्वतःच्या छपराखाली येऊन पोहोचतो.

पाया आणि भिंती मोजण्यासाठी नांदेड-लातूरच्या तंत्रनिकेतनांचे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आहेत. त्यांच्या प्रकल्पांना विषय हवेच असतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने या नोंदी एकत्र ठेवण्याची जबाबदारी घ्यावी, म्हणजे अधिकारी बदलले तरी हिशेब टिकून राहील. नमुना ८ ची पाने उलगडून बसणारा ग्रामपंचायतीचा लिपिक या कामात दुय्यम नाही. गावातील प्रत्येक घर त्याच्या इतके कोणास ठाऊक असते? घरकुलाच्या अर्जासोबत साहित्याचा एक पानी तक्ता जोडला आणि घर पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष खर्ची पडलेले साहित्य त्यात भरले, तर चार-पाच वर्षांत तालुक्याचा नकाशा विनासायास तयार होईल. त्यावरून कोठे दगड पुरेसा आहे, कोठे विटेवाचून इलाज नाही, वाळूचा भार कोणत्या पात्रावर पडतो आणि कोणत्या वस्तीची छपरे आधी थंड करावयास हवीत, हे पंचायत समितीच्या बैठकीत बोट ठेवून दाखविता येईल.

खर्चाचा प्रश्न येथे फारसा आड येत नाही. आड येते ती सवय. घर पूर्ण झाले की त्याच्यापुढे खूण करावयाची आणि पुढच्या उद्दिष्टाकडे वळावयाचे, ही ती सवय होय. किल्लारीच्या माळवदांवर साचत गेलेली माती कोणी मोजली नाही आणि एका पहाटे तिचा भार साऱ्या मराठवाड्याला कळला. आज नव्या स्लॅबखाली साचणारी उष्णता आणि नद्यांच्या पात्रांतून उपसली जाणारी वाळू तितक्या अचानक कोसळणार नाही. ती हळूहळू, दर उन्हाळ्यात थोडी थोडी वसुली करील. लक्षावधी घरांचे पाये अजून खोदावयाचे आहेत. कुदळ पडण्यापूर्वीच हिशेबाची वही उघडली गेली, तर त्यात खर्ची पडेल तो काही महिन्यांचा वेळ. ती न उघडल्यास जे द्यावे लागेल, ते त्या घरांत राहणाऱ्यांना पुढील चाळीस वर्षे हप्त्याहप्त्याने भरावे लागेल.